एक्केचाळीस नंबरचा हिरवा चाफा

खैरनार भाऊ गेले त्याच्या चार दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले, तेव्हाही ते माझ्याकडे संशयानंच बघत होते. उशाशी पुड्यांची ओळ लावलेली. जुन्या ड्रॉइंगच्या कागदाच्या, स्वतः घडी घालून केलेल्या पुड्या. प्रत्येकीत गोळ्या आणि वर पेन्सिलनं गोळीचं नाव, कोणी आणली, कधी आणली. त्यांच्या पत्नी लीलावहिनी चहा टाकायला आत गेल्या तशी त्यांनी एक पुडी माझ्या हातात दिली आणि गोळीच्या पट्टीवरचं नाव वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. पुन्हा वाचा म्हणाले. पुन्हा वाचलं. मग उशीखालून भिंग काढून त्यांनी स्वतः पाहिलं आणि तेव्हा कुठं गोळी तोंडात टाकली. "तुमच्यावर अविश्वास नाही, मॅडम," ते म्हणाले. आम्ही दोघंही हसलो, कारण हे वाक्य मी त्यांच्या तोंडून सतरा वर्षं ऐकत होते आणि एकदाही ते खरं नव्हतं... पाचव्या दिवशी शाळेत तिसऱ्या तासाला माझ्या मिस्टरांचा फोन आला. त्याला आता सहा आठवडे होतील.

सातपूरच्या आमच्या कॉलनीत बावीस रो-हाऊसेस. आम्ही राहायला आलो ते एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात. मी महापालिकेच्या शाळेत, मिस्टर कारखान्यात, आणि सोबत नांदगावहून आलेल्या माझ्या सासूबाई. सामान अजून अंगणातच होतं, तेवढ्यात शेजारच्या कुंपणापाशी एक उंच, सडसडीत माणूस वही घेऊन उभा राहिला. आडनाव विचारलं. पगारे, म्हटलं. मूळ गाव विचारलं. आडनाव आणि गाव एका दमात विचारणाऱ्या माणसाकडे आमच्या घरात जरा जपूनच बघतात. ते विचारणं कुठं जातं हे आम्हाला माहीत असतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. पण त्या माणसाची नजर आमच्याकडे नव्हतीच, आमच्या सामानातल्या डब्यातल्या गवती चहाकडे होती. एक काडी मिळेल का, म्हणाला. दिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात गवती चहाशेजारी ॲल्युमिनियमची चकाकती पट्टी उभी होती: "गवती चहा. पगारे, नांदगाव. जून ९१." आपलं नाव असं दुसऱ्याच्या मातीत रोवलेलं बघून सासूबाईंना बरं वाटलं नाही. "आपलं नाव कशाला पाहिजे त्याला?" त्या म्हणाल्या.

हेच खैरनार भाऊ. ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मार्कर होते. धातूवर रेघ मारायची, नंबर ठोकायचे, हे त्यांचं काम. तिथल्या भंगारातल्या पट्ट्या रीतसर परवानगीची चिठ्ठी घेऊन ते घरी आणत आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून टोकदार सळईनं त्यांवर अक्षरं कोरत. अक्षर असं की शाळेच्या फळ्यावर लावावं. नाव नाही असं एकही झाड अंगणात नव्हतं. साध्या सदाफुलीलाही पट्टी. आणि आतल्या खोलीत अवजारांचं जुनं लोखंडी कपाट, उथळ खणांचं, त्यात बिया. वरचे खण पावसाळी, मधले हिवाळी, खालचे उन्हाळी. दोडका, कारलं, घेवडा, मेथी, गाजर, काकडी... प्रत्येक जातीची पुडी वेगळी, कडुलिंबाचा वाळलेला पाला घातलेली, आणि तिच्यावर चार गोष्टी: काय, कुणाचं, कुठलं, कधीचं. सटाण्याकडचं त्यांचं घर. लहानपणी वडिलांनी कुणाच्या तरी भरवशावर कांद्याचं बी पेरलं आणि शेतभर भलतंच उगवलं, ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. बी तोंडानं बोलत नाही, म्हणून आपण लिहायचं, असं ते म्हणत. चिठ्ठी नसलेलं बी त्यांना अनोळखी माणसासारखं वाटायचं. आणि अनोळखी माणूस मुळात चोरच असणार, अशी त्यांची धारणा होती.

कॉलनीच्या फाटकावर काशिनाथ नावाचा वॉचमन होता. पेठ तालुक्यातला, डोंगरातला. फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बायको आणि मुलीसह राहायचा. मुलगी मंजुळा, माझ्याच वर्गात, चौथीला. भाऊंचं आणि काशिनाथचं जमायचं. तो गावाहून येताना नागलीच्या, डांगराच्या बिया आणायचा, आणि भाऊ त्याला समोर बसवून तपशील विचारत: कुठल्या उताराला होतं, कधी पेरतात, किती दिवसांत येतं. "काशिनाथ, पेठ" असं लिहिलेल्या सातआठ पुड्या तरी त्या कपाटात होत्या. त्याच्याइतका वेळ भाऊंनी कॉलनीतल्या कुणाला दिला नसेल.

त्यांच्याकडे हिरवा चाफा होता. पानाआड लपलेलं हिरवंच फूल, दिसायच्या आधी वासानं कळणारं. कॉलनीतल्या सगळ्या बायकांचा त्याच्यावर डोळा. चौऱ्याण्णवच्या पावसात त्यांनी त्याच्या गुट्या बांधल्या, फांदीला ओली माती गुंडाळून मुळं फोडली, चार रोपं तयार केली, पिशव्यांत लावून भिंतीकडेला ठेवली. एका सकाळी तीनच होती. पुढचे पंधरा दिवस ते प्रत्येक घराच्या कुंपणावरून आत बघत फिरत होते. आमच्या मागच्या अंगणात हिरव्या चाफ्याचं रोप होतं. सासूबाईंनी ते त्याच आठवड्यात लावलं होतं, नांदगावच्या भाचीनं पाठवलं म्हणून. मी त्याबद्दल काही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काय होतं?

रविवारी सकाळी भाऊ खुरपं घेऊन आमच्या दारात आले. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. वरच्या पट्ट्या कुणीही उपटून टाकतं, म्हणून दोन वर्षांपासून ते प्रत्येक रोपाच्या मुळाशी, पिशवीच्या तळाला, नंबर ठोकलेली एक बिल्ल्याएवढी चकती पुरत होते. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. हरवलेलं रोप एक्केचाळीस नंबरचं. "तुमच्यावर अविश्वास नाही, मॅडम," ते म्हणाले, "पण एकदा खणून बघू दे."

बावीस घरं, आणि हा माणूस आमच्याच दारात आला. माझ्या डोक्यात तेच एक घुमत राहिलं. आडनाव, गाव, ती वही... सगळं मला एकदम स्पष्ट दिसल्यासारखं झालं. मी म्हटलं, खणा, पण आधी कॉलनीतली बाकीची एकवीस अंगणं खणून या. मिस्टर मला थांबवत होते. सासूबाई उंबऱ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. शेवटी मिस्टरच म्हणाले, बघू द्या त्यांना. भाऊ गुडघ्यावर बसले, एका बाजूनं मनगटभर खोल माती काढली, बोटांनी चाचपली. काही लागलं नाही. आणखी खोल जायचं तर मुळं तुटणार होती, आणि झाड मारायला त्यांचा हात धजेना. त्यांनी माती परत लोटली, हात झटकले, आणि तरीही त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नव्हता. तो बघून माझा तोल गेला. मी म्हटलं, "चोवीस तास फाटकावर कोण असतं? त्याला विचारा ना."

हे वाक्य माझं आहे. भाऊंच्या संशयी स्वभावाच्या गोष्टी कॉलनीत सगळ्यांनी सांगितल्या, मीही रंगवून सांगितल्या. पण हे वाक्य मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

त्याच संध्याकाळी कॉलनीची मीटिंग झाली आणि मीटिंग उठून तशीच काशिनाथच्या खोलीवर गेली. मीही गेले. कुणीतरी त्याला पत्र्याची पेटी उघडायला लावली. आत कपडे, एक भांडं, कापडाच्या गाठीत बांधलेल्या बिया आणि भाऊंच्या हातच्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. पावसात पडल्या होत्या, धुऊन ठेवल्या, द्यायच्या राहून गेल्या, असं काशिनाथ सांगत होता. कुणी ऐकलं नाही. भाऊंनी पट्ट्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि एवढंच म्हणाले, "माझ्याच आहेत." पट्ट्या सापडल्या म्हणजे रोपही त्यानंच नेलं, असं सगळे धरून चालले. मंजुळा दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती, मी तिची बाई म्हणून... मी चपलांकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी ती खोली रिकामी झाली. महिनाभर मी हजेरीत मंजुळाचं नाव घेत होते, मुलं "नाही बाई" म्हणत होती, मग नियमाप्रमाणे मी ते कमी केलं.

पुढची सात वर्षं आम्ही शेजारी होतो एवढंच. भाऊ कुंपणापाशी आले की मी आत जायचे. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, अंगण आणखी दाट झालं, पट्ट्या वाढल्या. आमचा चाफाही वाढला, भिंतीवर चढला, फुलला. सासूबाईंनी मात्र त्याचं फूल कधी तोडलं नाही. त्या खणण्याचा अपमान त्यांच्या मनात राहिला असेल, असं मी समजत होते. लीलावहिनींकडून कळलं, की "काशिनाथ, पेठ" लिहिलेल्या पुड्यांवरचं नाव भाऊंनी खोडलं होतं. बिया टाकल्या नव्हत्या, त्या दर वर्षी पेरत होते. नाव तेवढं खोडलं होतं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात मागची सांडपाण्याची लाइन तुंबली. पाइप नेमका चाफ्याखालून गेलेला. प्लंबरनं झाड मुळासकट काढलं, मातीचा गोळा फोडला, आणि मुळांच्या जाळ्यातून काहीतरी चमकलं. मी ते नळाखाली धुतलं. चार आणि एक. एक्केचाळीस.

मी चकती घेऊन सासूबाईंपुढे गेले. त्यांची नजर तोवर अधू झाली होती, पण हातात घेताच त्यांना कळलं. त्यांनी बोटानं आकडा चाचपला. "घेतलं मी," मग म्हणाल्या. "चार होती त्याच्याकडं. मागितलं असतं तर दिलंही असतं त्यानं. पण वहीत लिहिलं असतं, पगारेबाईला दिलं म्हणून. जन्मभर दुसऱ्याचं दिलेलं घेतलं आम्ही, आणि ते लिहिलेलंही बघितलं. एक झाड तरी न लिहिलेलं पाहिजे होतं मला." आणि काशिनाथ? मी विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्यावर येईल असं वाटलं होतं, त्याच्यावर जाईल असं नव्हतं वाटलं, एवढंच म्हणाल्या. त्याच्यावर ते कुणी ढकललं, हे मला माहीत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

आठ दिवस ती चकती माझ्या पर्समध्ये होती. फेकून द्यावी असं वाटत नव्हतं असं नाही. नवव्या दिवशी मी सात वर्षांत पहिल्यांदा भाऊंच्या अंगणात गेले आणि ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी भिंगातून पाहिली. "हाई तर तीच शे," ते पुटपुटले. हादरले की त्यांच्या तोंडी घरची अहिराणी यायची. मी सगळं सांगितलं, सासूबाईंचं आणि माझं वाक्यही. मला वाटलं होतं ते जिंकल्यासारखं बघतील, म्हणतील, मी सांगत नव्हतो? ते उठून आत गेले. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला, मग पुड्या चाळण्याचा. बाहेर आले तेव्हा हातात त्या नाव खोडलेल्या पुड्या होत्या. "पेठची एसटी कधी असते?" त्यांनी विचारलं.

पत्ता शाळेच्या जुन्या दाखल्यावरून मीच काढला. एसटीनं पेठ, तिथून जीप, पुढं तासभर चाल. भाऊंनी हिरव्या चाफ्याचं एक रोप बरोबर घेतलं होतं, सगळ्या वाटेनं मांडीवर धरून. वाटेत जीपवाल्यानं रस्ता मुद्दाम लांबचा धरला असा त्यांना संशय आला आणि तो त्यांनी मला दोनदा बोलून दाखवला. काशिनाथ घरीच होता. केस पिकलेले. आम्हाला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही, पण उठून उभा राहायला वेळ लागला. पाणी दिलं. खाट दिली. स्वतः लांब बसला. मी मंजुळाचं विचारलं. मागच्या साली दिली, सुरगाण्याकडं, म्हणाला. शाळेचं मी विचारलं नाही... कॉलनीतून गेल्यावर दोन हंगाम द्राक्षाच्या मळ्यात सगळी मजुरीला होती, हे त्याच्या बायकोनं आपणहून सांगितलं.

भाऊंनी चकती खाली ठेवली आणि सांगितलं. नीट सांगितलं, काही न लपवता, माझं नावही घेतलं, कारण मीच तसं बजावलं होतं. काशिनाथ चकतीकडे बघत होता.

"झाड मिळालं ना भाऊ? झालं मग," तो म्हणाला. चकती भाऊंकडे सरकवून म्हणाला, "पेटी उघडली ते नाय इसरलो. पोरीच्या देखत उघडली."

भाऊंनी रोप पुढं केलं. तुझ्यासाठी आणलंय, म्हणाले. काशिनाथनं हात लावला नाही. "इथं नको. उद्या कोनी म्हनंल, ह्यो चाफा ह्यानं कुठनं आनला." भाऊंनी झटकन वही काढली. मी लिहून देतो, म्हणाले, तारीख घालून देतो. काशिनाथनं वहीकडे पाहिलं. मग म्हणाला, "लिहा."

भाऊंनी लिहिलं, की हे झाड मी माझ्या हातानं काशिनाथला दिलं आहे. सही केली. मी साक्षीदार म्हणून सही केली. भाऊ कागद फाडून त्याला द्यायला लागले तसं काशिनाथ म्हणाला, "त्या दिवसाचं पन लिहा. मी न्हेलं नव्हतं, ते."

मी त्या माणसाला हजारो अक्षरं लिहिताना पाहिलं होतं, धातूवर, कागदावर. कधी अडले नव्हते. त्या दिवशी एवढी एक ओळ लिहायला त्यांना तीनदा पेन टेकवावं लागलं. काशिनाथला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद माझ्याकडे दिला आणि वाचायला सांगितलं. वाचला. पुन्हा वाचा म्हणाला. मी पुन्हा वाचला, आणि तो शब्दागणिक माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला, आणि रोप उचलून घरामागं नेलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. निघताना त्याच्या बायकोनं भाऊंना ओंजळभर नागली दिली, तीही त्याच्याकडे एकदा बघून.

ह्यानंतर भाऊ बदलले असं लिहायला मला आवडलं असतं. ते बदलले नाहीत. दूधवाला, केबलवाला, नवा वॉचमन, सगळ्यांवर त्यांचा संशय शेवटपर्यंत होता. पण चकत्या पुरणं त्यांनी थांबवलं. अंगणात पुरलेल्या सगळ्या त्यांनी एकेक करून खणून काढल्या आणि भंगारात दिल्या. दर दिवाळीनंतर ते पेठला एक फेरी मारून येत. काशिनाथ त्यांच्याशी पूर्वीसारखा बोलत नाही, हे ते परतल्यावर मला सांगत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जात. सासूबाई गेल्या तेव्हा भाऊ आमच्या दारात सकाळपासून उभे होते. त्यांनी माझ्या सासूबाईंबद्दल कॉलनीत कधी अवाक्षर काढलं नाही. मी ते आज लिहितेय. सासूबाईंनी मला लिहू दिलं असतं का, माहीत नाही. पण काशिनाथचं नाव कॉलनीत अजून चोर म्हणूनच घेतलं जातं, आणि ते आम्हा दोघींमुळं.

गेल्या रविवारी लीलावहिनींनी मला ते कपाट लावायला बोलावलं. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि मुलगा परगावी. एकेक खण काढून आम्ही पुड्या उन्हात मांडल्या. खोडलेल्या पुड्या कुठंच नव्हत्या; सगळ्या नव्या केलेल्या, नाव पुन्हा लिहिलेलं. खालच्या खणात मला एक पुडी मिळाली. गवार. मागच्या वर्षी मीच दिलेली. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात: "गवार. पगारे मॅडमकडून. खात्री करायची आहे."

मिळून पेठ गाठलं, सात वर्षं त्यांच्या वाऱ्यांची हकीकत ऐकली, गोळ्यांची नावं वाचून दाखवली, तरी खात्री करायची राहिलीच होती. मी हसत सुटले, वहिनी काय झालं काय झालं विचारत राहिल्या... पुडी मी घरी आणली. एका कुंडीत चार दाणे टोचले. काल दोन वर आलेत, जाड दोन दलांचे, हिरवेगार. मिस्टर म्हणाले, आली की तुझी गवार. मी त्यांना म्हटलं, थांबा. अजून खरं पान यायचंय.